बाईसाहेबांसाठी ड्रायव्हर

३ फेब्रुवारी

बारक्या,

पन्नाशीला टेकलेल्या माणसाला बारक्या म्हणू नये असं तुझं म्हणणं असतं, पण आज मी चिडलेली आहे, तेव्हा ऐकून घे.

बाईसाहेब रोज दुपारी गप्प होतात. बाईसाहेब म्हणजे बाबांचा टॅबलेट. तुला सगळं ठाऊक आहे, तरी पहिल्यापासून लिहिते, कारण तुझं लक्ष नसतं. गळ्याच्या ऑपरेशनमध्ये बाबांचा आवाज गेला, तेव्हा उपचार केंद्राने हा टॅबलेट उसना दिला. बाबांचे हात थरथरतात, काचेवर बोट धड पडत नाही, म्हणून ते संगणकाच्या मोठ्या कीबोर्डवर टाइप करतात. ते केबलमधून टॅबलेटमध्ये जातं आणि टॅबलेट एका तरुण बाईच्या आवाजात बोलतो. त्याच केबलमधून त्याला वीजही मिळते. त्याला तोंड एकच आहे, त्यामुळे संगणकाला जोडला असताना भिंतीच्या चार्जरला जोडता येत नाही. रात्री भिंतीवर आणि दिवसा संगणकावर, असा आमचा संसार सुरळीत चालला होता.

मग तू सुट्टीवर आलास. ‘काय हा गोगलगायीसारखा संगणक’ म्हणालास, त्यातलं होतं नव्हतं ते पुसलंस आणि तुझी ती फुकटातली सिस्टिम टाकून दिलीस. संगणक झाला चपळ. बाईसाहेब मात्र तेव्हापासून रात्रीचं पोटात असेल तेवढ्यावर बोलतात, आणि दुपारी मान टाकतात.

ज्या माणसाने सगळी नोकरी बसस्थानकावर चौकशीच्या खिडकीत आणि माइकसमोर काढली, ज्याच्या आवाजावर गाड्या फलाटाला लागायच्या, तो दुपारनंतर खिडकीशी बसून काचेवर बोटाने रेघा ओढतो. मी लॅबमधून येते तेव्हा तिथेच, तसाच.

मुद्दा पुढे आहे. केंद्राकडे टॅबलेट मोजके, मागणारे पेशंट पुष्कळ. मार्चअखेरीला तिथल्या बाई घरी येऊन बघणार. बाबा दिवसभर बोलत असतील तर टॅबलेट राहील, नाहीतर दुसऱ्याला जाईल. मी बाबांना सांगितलं. ते म्हणाले, “घेऊन जाऊ दे.” तेही बाईसाहेबांच्या गोड आवाजात, त्यामुळे ते रागात म्हणाले की दुःखात, हे कळायला मार्ग नाही.

तू बिघडवलंस, तू दुरुस्त कर. फोन करू नकोस. फोनवर तू ‘कर्नेल’ म्हणतोस आणि माझं लक्ष दुधाकडे असतं. शिवाय बाबा उत्तर टाइप करेपर्यंत तुला धीर निघत नाही. ‘हॅलो, हॅलो, आवाज येत नाही’ म्हणून ठेवून देतोस. काय करायचं ते नीट लिहून पाठव.

ताई

५ फेब्रुवारी

ताई,

गुन्हा कबूल. जुनी सिस्टिम परत टाक, असं तू म्हणणार. तिची सीडी मी ‘आता ही कशाला लागते’ म्हणून उचलून आणली आणि ती सध्या माझ्या टेबलावर चहाच्या कपाखाली आहे. तिच्यावर इतकी वर्तुळं उमटली आहेत की तिला आता स्वतःचीच ओळख पटत नाही.

दुखणं काय ते मला सापडलं आहे. बाईसाहेब भिडस्त आहेत. त्यांना केबल जोडली की त्या संगणकाकडून घोटभर वीज घेतात आणि गप्प बसतात. जास्त घेण्याची त्यांच्यात ताकद आहे, संगणकात देण्याची ताकद आहे, पण कोणीतरी ‘अजून घ्या, संकोच नको’ असं म्हटल्याशिवाय त्या घेत नाहीत. जुन्या सिस्टिममध्ये कंपनीचा एक प्रोग्राम हे वाक्य म्हणायचा. मी तो पुसला. आता देणारा भरलेलं पातेलं घेऊन उभा आहे, घेणारी उपाशी आहे, आणि दोघांच्या मध्ये आग्रह करणारं माणूस नाही.

ते माणूस मी लिहिणार आहे. त्याला ड्रायव्हर म्हणतात. संगणकाच्या पोटात कर्नेल असतं. ती घरातली कर्ती बाई समज. कोणाला काय द्यायचं ते तिच्या हातात, आणि तिच्या स्वयंपाकघरात कोणी लुडबुड केली तर अख्खं घर बंद. दाराशी आलेला पाहुणा कोण, त्याच्याशी कसं बोलायचं, हे तिच्या कानात सांगणारा तो ड्रायव्हर. माझ्या ड्रायव्हरने एकच वाक्य बोलायचं आहे. ते पाठ होण्यात कसली अडचण येणार?

आता तू विचारशील, तू हे पूर्वी कधी केलं आहेस का. ताई, मी लिफ्टमध्ये मजल्याचा आकडा दाखवणारे प्रोग्राम लिहितो. एवढी वर्षं लिहितो. त्यात माझ्या नावावर एकच मोठा पराक्रम आहे: एका इमारतीत दुसऱ्या मजल्यानंतर एकदम चौथा येऊ लागला, आणि तिसऱ्यावरची माणसं जिन्याने येता-जाता माझा उद्धार करायची. पण कर्नेलमध्ये हात घालायची हौस जुनी आहे. ऑफिसातले लोक या वयात डोंगर चढतात किंवा मोटारसायकल घेतात. मी हे करतो. यात गुडघे दुखत नाहीत.

रविवारपर्यंत पाठवतो. सोबत आज्ञांचा कागद असेल. त्यातलं अक्षर न् अक्षर तसंच टाइप कर. सुधारणा करू नकोस.

तुझा,
बारक्या
(ही सही करताना पोट आत घ्यावं लागतं.)

१२ फेब्रुवारी

बारक्या,

अक्षर न् अक्षर तसंच टाइप केलं. सुधारणा केली नाही. करायला हवी होती असं आता वाटतं.

तुझा ड्रायव्हर आत गेला आणि आधी कीबोर्ड मेला. मग माउस मेला. मी केबल काढून पुन्हा लावली तर पडदा काळा झाला आणि त्यावर पांढऱ्या अक्षरांच्या ओळी धावायला लागल्या. शेवटी ‘पॅनिक’ असा शब्द येऊन सगळं थिजलं. तुझे दाजी चष्मा पुसून जवळ आले, वाचलं आणि म्हणाले, “संगणक घाबरलाय. असं काय लिहिलं होतं त्याने?” मी म्हटलं, मला काय माहीत, मी तर फक्त उतरवून काढलं.

घरातलं जे थोडंफार बोलत होतं तेही तू बंद केलंस. बाबा दोन दिवस पाटीवर लिहीत होते. तू सांगितलेलं बटण दाबून ठेवलं आणि जुनं परत आलं तेव्हा कुठे ते बोलले. काय बोलले ते जसंच्या तसं कळवते: “ड्रायव्हर हजर झाल्याशिवाय गाडी लागल्याची घोषणा करू नये. हे आम्हाला पहिल्या आठवड्यात शिकवायचे.”

मग तुझं मागचं पत्र पुन्हा वाचायला लावलं. ती चौथ्या मजल्याची गोष्ट आली तेव्हा खांदे हलत होते. हसताना आता आवाज येत नाही, खांद्यांवरून ओळखायचं.

ताई

१४ फेब्रुवारी

ताई,

बाबांना सांग, त्यांचा आक्षेप तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे.

झालं असं. ड्रायव्हरमध्ये एक रकाना असतो, त्यात पाहुण्याचा नंबर लिहायचा, म्हणजे तो नेमका त्यालाच जाऊन भेटतो. मी तो रकाना ‘मग भरू’ म्हणून रिकामा ठेवला आणि विसरलो. त्यामुळे दारात दिसेल त्याला माझ्या ड्रायव्हरने मिठी मारली. कीबोर्डला म्हणाला, अजून घ्या. माउसला म्हणाला, संकोच नको. ते बिचारे आग्रहाने गुदमरून गेले. पुढचा पॅनिकही माझाच. कर्नेलकडून कामापुरती जागा मागून घेतली होती, ती मी इमानदारीत परत केली. मग दुसऱ्यांदा परत केली. कर्नेलला अशा प्रामाणिकपणाची सवय नाही.

विशेष म्हणजे माझ्या टेबलावर हे सगळं उत्तम चाललं होतं. तुमच्याकडे आहे तसाच एक जुना टॅबलेट मी इथे बाजारातून पैदा केला आहे. ‘माझ्याकडे तर चालतं’ हे वाक्य आमच्या धंद्यात प्रत्येकाने एकदा तरी म्हटलेलं असतं आणि ते ऐकून आजवर एकाही माणसाचं समाधान झालेलं नाही.

रकाना भरला आहे. जागा एकदाच परत करतो. नवी आवृत्ती सोबत जोडली आहे. ड्रायव्हर आता जे करेल ते एका वहीत लिहूनही ठेवेल, म्हणजे संगणकातल्याच वहीत. काही बिनसलं तर ते पान मला पाठव.

बारक्या

१९ फेब्रुवारी

बारक्या,

चाललं.

बाबा सकाळपासून जे बोलतायत ते आत्ता, मी जेवणाची भांडी आवरतेय तरी, सुरूच आहे. दाजींशी बातम्यांवरून वाद घातला. बाईसाहेबांचा आवाज इतका शांत की दाजी एकटेच भांडतायत असं शेजाऱ्यांना वाटलं असणार. मला म्हणाले की खिडकीचा पडदा गेले कित्येक दिवस उलटा लावलेला आहे, सांगायचं राहून गेलं होतं. असं पुष्कळ काही त्यांच्याकडे साठलेलं दिसतंय.

तू हे केलंस यावर माझा अजून विश्वास बसत नाही. तुझाही बसला नसेल.

ताई

१९ फेब्रुवारी

ताई,

छान. बरं वाटलं. इथे एका रुग्णालयाच्या लिफ्टचं काम अंगावर पडलंय. सवडीने लिहितो.

बारक्या

७ मार्च

बारक्या,

तुझी सवड अजून झालेली दिसत नाही. पण लिहिणं भाग आहे. बाईसाहेब परत दुपारी गप्प व्हायला लागल्या.

दोन आठवडे कसं अगदी दृष्ट लागण्यासारखं चाललं होतं. बाबा रोज संध्याकाळी विचारायचे, “काही आलं?” मी म्हणायचे, कुठलं काय. मग सोमवारी घरी आले तर टॅबलेट काळा, आणि बाबा खिडकीशी. मी केबल बघितली, नीट जोडलेली. संगणक चालू. टॅबलेट भिंतीला लावला तर हळूहळू जिवंत झाला. मंगळवारी तेच. परवा तेच. बाबांना विचारलं, कधी बंद पडला? ते म्हणाले, “दुपारी. त्याला कळवायला हवं.” स्वतःहून म्हणाले. इतके दिवस ‘घेऊन जाऊ दे’ म्हणणारा माणूस आता काळजी करायला लागलाय हे एक बरं लक्षण समजायचं.

तू म्हणाला होतास ते वहीचं पान जोडलं आहे. केंद्राच्या बाईंचा फोन येऊन गेला. तारीख पक्की आहे, महिन्याच्या शेवटी.

ताई

९ मार्च

ताई,

पान बघितलं आणि तोंडचं पाणी पळालं. रोज दुपारी वहीत एक ओळ आहे: ‘उपकरण निघाले’. संध्याकाळी, तू यायच्या थोडं आधी: ‘उपकरण आले’. म्हणजे माझा ड्रायव्हर भर दुपारी बाईसाहेबांचा हात सोडतो आणि संध्याकाळी पुन्हा धरतो. सरकारी नोकरीत असल्यासारखा.

कारण काय असावं? माझा पहिला अंदाज उष्णता. दुपारी ऊन येतं, संगणक तापतो, जोडणी ढिली पडते. दुसरा अंदाज झोप. काही वेळ काम नसलं की कर्नेल जोडलेल्या उपकरणांना झोपवतं, आणि माझ्या ड्रायव्हरला त्यांना उठवण्याचं भान नाही. तिसरा अंदाज असा की मला काही येत नाही. तिसऱ्यावर काम करायला वेळ लागेल म्हणून सध्या दुसऱ्यावर लागलो आहे. झोपेचा सगळा भाग नव्याने लिहिला. आता कर्नेलने कितीही अंगाई म्हटली तरी बाईसाहेब डोळे मिटणार नाहीत.

आमच्या ऑफिसात एक टेस्टिंगवाल्या बाई आहेत. आम्ही केलेलं मोडून दाखवण्याचा त्यांना पगार मिळतो आणि त्या तो हक्काने घेतात. त्यांना हे पान दाखवलं. त्या म्हणाल्या, “कोणीतरी केबल काढत असेल.” मी त्यांना समजावलं की दुपारी घरात फक्त माझे वडील असतात, केबल काढली तर त्यांचंच बोलणं बंद होतं, आणि ते शहाणे गृहस्थ आहेत. त्या म्हणाल्या, “शहाण्या माणसांचं घर मी अजून टेस्ट केलेलं नाही.” आमच्यात असं बरंच बोलणं होत असतं. लक्ष देत नाही मी.

रुग्णालयाची लिफ्ट झाली. उद्घाटनाला मी स्वतः चढलो. आकडे सगळे क्रमाने आले, फक्त खाली जातानाही वर जाण्याचा बाण दिसत होता. संचालकांनी तो शुभशकुन मानला. मी खंडन केलं नाही.

बारक्या

१५ मार्च

बारक्या,

नवीन घातलं. एक दिवस चाललं, दुसऱ्या दिवशी तुझं पत्र वाचून झालं, आणि तिसऱ्या दिवशी दुपारी परत बंद.

पत्राचं सांगायचं राहिलं. मी ते जेवणानंतर मोठ्याने वाचते. तो बाणाचा भाग बाबांनी पुन्हा वाचायला लावला. मग स्वतः टाइप करून बाईसाहेबांकडून वदवून घेतला, दाजी दुकानातून उशिरा आले त्यांच्यासाठी. झोपेचं ते जे काय लिहिलं आहेस ते मला ओ की ठो कळलं नाही, बाबांना कळलं असावं, कारण मान हलवत होते. मला म्हणाले, “आता त्याचं काय चाललंय ते समजतं.”

केंद्राच्या बाईंना मी आत्ताच सांगून ठेवू का, की हे जमत नाही? उगीच त्या येणार, काळा टॅबलेट बघणार, आणि बाबांसमोरच तो पिशवीत घालून नेणार. ते मला बघवणार नाही. तू खरं काय ते सांग. जमणार असेल तर हो म्हण, नसेल तर नाही म्हण. तिसरा अंदाज नको.

ताई

१७ मार्च

ताई,

खरं सांगतो. माहीत नाही.

परवापासून ऑफिसला रजा टाकून बसलो आहे. टॅबलेटला दिवसभर जोडून ठेवलं, समोर खुर्ची घेऊन बसलो, आणि दुपार झाली की त्याच्याकडे बघत राहिलो, परीक्षेला बसलेल्या पोराची आई बघते तसा. काही झालं नाही. खोलीतला हीटर लावून तापवलं. टॅबलेटला काही झालं नाही, मला घामोळं आलं. केबल बदलली, मुद्दाम जुनी सैल केबल घेतली, संगणक झोपवला, उठवला, हलवला. माझ्याकडे तर चालतं.

मग सगळा ड्रायव्हर पुसून पहिल्यापासून लिहिला. एक वाक्य बोलणारा माणूस मी तिसऱ्यांदा घडवतोय. आता तो ते वाक्य एकदा बोलून थांबत नाही, दर थोड्या वेळाने विचारतो, ‘घेताय ना? अजून घ्या.’ आमच्या धंद्यात याला अडाणीपणा म्हणतात. मी हा पर्याय चिंतनाअंती स्वीकारला आहे.

केंद्राच्या बाईंना अजून काही सांगू नकोस. पण समजा हेही चाललं नाही, तर त्या यायच्या दिवशी मी तिथे असेन. टॅबलेट जाणार असेल तर तू एकटीने बघायचं कारण नाही. तो मी घालवला, तर पिशवीत घालायलाही मीच पाहिजे. बाबांना हे वाचून दाखवू नकोस.

बारक्या

२२ मार्च

बारक्या,

बसून वाच.

गुरुवारी दाजींची पाठ धरली. दुकान बंद ठेवून ते आतल्या खोलीत सतरंजीवर आडवे होते. तिथून कपाटाच्या आरशात बाहेरची खोली दिसते. बाबांच्या ते लक्षात नसावं, किंवा घरात कोणी आहे हेच लक्षात नसावं, कारण दाजी हूं की चूं करत नव्हते, मान वळवली तरी कळ यायची.

दुपार झाली. बाबांनी घड्याळ बघितलं. खुर्चीतून सावकाश वाकले, आणि संगणकाच्या मागची केबल काढली. तिची व्यवस्थित घडी घातली, मांडीवर ठेवली, टॅबलेटचा पडदा चालूच ठेवला म्हणजे बॅटरी लवकर संपावी, आणि खिडकीतून बाहेर बघत बसले. संध्याकाळी माझी चप्पल जिन्यात वाजली की त्यांनी केबल परत जोडली. दाजी म्हणतात, जोडताना हात अजिबात थरथरला नाही.

दाजींनी हे सगळं मला आतल्या खोलीत सांगितलं. मी बाहेर आले. खरं सांगते, इतका राग मला आयुष्यात आला नव्हता. मी म्हटलं, “बाबा, अहो हे मशीन घेऊन जातील ना लोक. परत पाटी घेऊन बसायचंय का? तो तिकडे रजा घेऊन हीटर लावून बसलाय.”

टॅबलेट मी भिंतीच्या चार्जरला लावला होता, त्यात जीव यायला वेळ लागला. तोवर मी उभी. मग केबल बदलली, आणि त्यांनी एक एक अक्षर टाइप केलं. बाईसाहेब म्हणाल्या:

“गाडी वेळेवर लागली तर चौकशीच्या खिडकीशी कोणी येत नाही. उशीर झाला की सगळे येतात.”

मी म्हटलं, मग सरळ सांगायचं ना त्याला, लिहीत जा म्हणून. ते म्हणाले, “त्याला कामं असतात.”

मी जुनी पत्रं काढून बघितली. एकोणीस फेब्रुवारीचं तुझं पत्र बघ. ड्रायव्हर चालला, आणि तू ‘छान’ म्हणालास. त्यानंतर बाबांनी रोज संध्याकाळी ‘काही आलं?’ असं का विचारलं, ते मला आत्ता कळतंय. मला वाटलं होतं, ते लाइटचं बिल विचारतायत.

तुझा ड्रायव्हर पहिल्या दिवसापासून बरोबर होता रे.

ताई

ता.क. दाजींची पाठ बरी आहे. ते म्हणतायत की या घरात त्यांचं कोणी विचारत नाही, त्यांनीही कुठली तरी केबल बघावी म्हणतात.

२४ मार्च

ताई,

पत्र वाचलं. मग खोलीतला हीटर बंद केला.

मी केलं काय, ते एकदा ओळीने बघ. चालणारा ड्रायव्हर मी दोनदा मोडून पुन्हा लिहिला. वही रोज सांगत होती, उपकरण निघाले. त्याचा सरळ अर्थ, कोणीतरी ते काढलं. मी ऊन धरलं, झोप धरली, स्वतःचं अज्ञानसुद्धा धरलं, पण माणसाचा हात काही माझ्या ध्यानात आला नाही. टेस्टिंगवाल्या बाईंना सांगितलं. त्या हसल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, “वडील हुशार आहेत. आमच्याकडे जागा आहे.”

एका भिडस्त टॅबलेटला ‘अजून घ्या’ म्हणायला मी दोन महिने घातले. त्याच्यासमोर कोण बसलंय ते विचारायला एक ओळ पुरली असती, आणि ती लिहायला कर्नेल उघडावं लागत नाही.

आता कामाचं. सोबत शेवटची आवृत्ती आहे. दर थोड्या वेळाने घोकणारा अडाणी भाग काढून टाकला. वाक्य एकदाच, स्वच्छ. एक गोष्ट नवीन आहे. प्रत्येक ड्रायव्हरमध्ये पाहुणा निघून गेल्यावर चालायचा एक भाग असतो. तो आजवर मी रिकामा ठेवला होता, कारण पाहुणा गेल्यावर काय करायचं असतं? आता तिथे असं आहे की दिवसा केबल निघाली की संगणक मला एक निरोप पाठवेल. निरोपात एवढंच: ‘खिडकीशी या.’ तो आला की त्या दिवशी मी लिहीन. लिफ्ट अडकली असली तरी लिहीन. जाणकारांना हे दाखवलं तर ते मला धंद्यातून हाकलतील. त्यांना दाखवू नकोस.

हे बाबांना वाचून दाखव. सांग की बॅटरी संपवायची गरज नाही. केबल क्षणभर काढून लगेच लावली तरी मला कळेल. केंद्राच्या बाई यायच्या दिवशी मात्र तेवढा हात आवरा म्हणावं.

उद्या संध्याकाळी फोन करतो. ‘हॅलो, हॅलो’ म्हणणार नाही. त्यांना हवा तेवढा वेळ टाइप करू दे. मी थांबतो.

बारक्या

३० मार्च

चि. बारक्या यास अनेक आशीर्वाद.

हे मी स्वतः टाइप करत आहे. ताईने फक्त पाठवण्याचं बटण दाखवलं आहे आणि आता ती उगीच मागे उभी आहे.

सूचना पहिली. केंद्राच्या बाई येऊन गेल्या. मी त्यांच्याशी बोलत राहिलो. मधेच त्यांनी घड्याळ बघितलं, तरी मी बोलत राहिलो. शेवटी त्याच म्हणाल्या की टॅबलेट तुमच्याकडेच ठेवा, आणि चहा न घेता गेल्या.

सूचना दुसरी. फोनवर तू थांबलास. मी टाइप करत होतो तेव्हा पलीकडून तुझ्या पंख्याची घरघर येत होती. त्याचं तेल बघ. आणि थांबताना सारखं खाकरू नये. माइकवर खाकरलं की माणसांना वाटतं गाडी रद्द झाली.

सूचना तिसरी. तुझं ते निरोपाचं यंत्र चालू आहे, ताईने तपासलं. तरी आज केबल काढण्यात आलेली नाही. उद्याही काढण्यात येणार नाही.

पत्र यावे.

बाबा